दिवस मावळायच्या आत

माझी मुलगी अडीच वर्षांची झाली तेव्हा तिला सतरा शब्द येत होते. शेजारच्या फ्लॅटमधला तिच्याच वयाचा मुलगा तोवर घडाघडा वाक्यं बोलायचा, जाहिराती म्हणून दाखवायचा, आणि त्याची आई जिन्यात भेटली की मला आवर्जून विचारायची, "बोलते का हो आता?" मी म्हणायची, "सतरा." बाई गोंधळायची. तिला वाटायचं मी काहीतरी भलतंच ऐकलं. पण मला एकेक शब्द कधी आला, कुठे उभी असताना आला, हे पाठ होतं. मांजराला ती 'मांजी' म्हणायची. पाव, पानी, उस, चप्पल, दे. नको असेल तर चक्क 'न्हाय' म्हणायची, कारण तिला बोलायला शिकवत होते माझे सासरे. आणि सगळ्यात पहिला शब्द 'आज्जा'. आई हा नववा. मला त्याचा राग यायचा, खोटं कशाला सांगू.

सतराचं इतकं कौतुक होतं, कारण एकही शब्द येईल याची कुणी हमी दिली नव्हती. दहा महिन्यांची असताना तिला पहिला झटका आला. मग दिवसाला चार-पाच. मान खाली जायची, हात पुढे फेकले जायचे, आणि नंतर ती अशी बघायची, जणू खोलीत कुणीच नाही. तपासण्या झाल्या, रक्त बाहेरगावी गेलं, आणि जो कागद आला तो वाचायला मला डॉक्टरची गरज पडली नाही. तिच्या मेंदूतल्या ग्लुटामेटच्या रिसेप्टरात जन्मतःच एक खोट आहे. त्या रिसेप्टरवर मी आयुष्याची पाच वर्षं घालवली होती.

ग्लुटामेट हा मेंदूतला निरोप्या. एक पेशी तो सोडते, समोरच्या पेशीवरच्या रिसेप्टरला तो जाऊन चिकटतो, दार उघडतं आणि निरोप आत जातो. या रिसेप्टरांतली एक जात हट्टी असते. नुसता निरोप आला म्हणून ती उघडत नाही. तिच्या तोंडाशी मॅग्नेशियमचा कण बसलेला असतो, आणि समोरची पेशी स्वतःही त्याच वेळी जागी झालेली असेल तरच तो हलतो. आई 'पाव' म्हणते आणि त्याच क्षणी पोराला पाव दिसतो, तेव्हा ते दार उघडतं आणि शब्द मनात बसायला लागतो. पिल्लांच्या मेंदूत हे दार मोठ्यांपेक्षा जास्त वेळ उघडं राहतं. म्हणून मुलं भराभर शिकतात. म्हणूनच त्यांना झटकेही लवकर येतात. वय वाढतं तसे दाराचे भाग बदलत जातात आणि ते चटकन मिटायला लागतं. माझ्या मुलीचं दार मिटताना अडकतं, एवढीच खोट. एवढीच, असं मी वर्गात म्हटलं असतं.

ती पाच वर्षं मी बंगळूरला एका प्रयोगशाळेत होते. उंदरांच्या सात दिवसांच्या पिल्लांचे मेंदू काढायचे, क्षार घातलेल्या थंड पाण्यात धरायचे, त्यांचे पातळ काप करायचे, आणि पेशी जिवंत आहेत तोवर त्यांच्या रिसेप्टरांतून किती करंट वाहतो ते मोजायचं. पिल्लं गुलाबी असतात, अंगावर केस नसतात. आमच्या माहेरी बटाटा घरात येत नाही, पाणी गाळल्याशिवाय कुणी पीत नाही, दिवा लागल्यावर कुणी तोंडात घास घालत नाही. अशा जैन घरातली मी. आई फोनवर विचारायची, "काय करतीस गं तिथं दिवसभर?" मी सांगायची, कॉम्प्युटरवर काम असतं. पुढे पीएचडी झाली, कोल्हापुरात कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवायला लागले, आमच्याच समाजात लग्न झालं, आणि उंदरांचं कधीतरी एकदा बोलण्याच्या ओघात तोंडातून निसटलं. ते नातेवाइकांनी जपून ठेवलं.

मुलीचा कागद आल्यावर ते बाहेर निघालं. बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, एका पूजेला गेलो होतो. नवऱ्याची एक लांबची आत्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत सगळ्यांदेखत म्हणाली, "पिल्लांच्या डोस्क्यात सुरी घातली, ते पोटच्या पोरीला लागलं. कर्म कुणाला सोडतंय?" गंमत म्हणजे कागद आला त्या दिवशी माझ्याही मनात आधी ती पिल्लंच आली होती. बोलले ते माझे सासरे. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. आप्पा शिरोळ तालुक्यातल्या एका गावात चाळीस वर्षं गणिताचे मास्तर होते. पुराचं पाणी दुसऱ्यांदा घरात आलं, सासूबाई आधीच गेल्या होत्या, तेव्हा ते राजारामपुरीत आमच्याकडं राहायला आले. आवाज असा, की दुसऱ्या मजल्यावरून रिक्षा थांबवायचे. ते आत्याला म्हणाले, "तू गप. पेशीला काय ठावं कुणी काय केलं ते? हिनं उंदरं कापली म्हणून आज निदान काय झालंय ते कळतंय तरी. तुझ्या पुण्याईनं काय कळलं सांग की!" त्या दिवसापासून ते मला सासऱ्यांपेक्षा जास्त झाले.

त्यांचा त्रासही तेवढाच होता, नाही असं नाही. भाजी किती ग्रॅम आणली, गॅस किती मिनिटं चालू ठेवला, सगळ्यावर नजर. माझ्या नवऱ्याची फौंड्रीत पाळी असायची, मी सकाळी कॉलेजला पळायची, त्यामुळं पोरगी त्यांच्या ताब्यात. ते तिला 'अक्का' म्हणायचे. ती जेवायची ती त्यांच्याच ताटात: आधी त्यांनी घास घ्यायचा, मग तिनं. दुसऱ्या कुणी भरवायला गेलं की तोंड घट्ट मिटायची. मी कितीदा रागावले, की ही काय सवय लावलीत. ते म्हणायचे, "मानूस जेवताना दिसलं की पोर जेवतंय. ह्यात शिकवायचं काय?"

दीड वर्षात तीन औषधं बदलून झाली होती. चौथं सुरू झालं त्या चैत्रात. बदामी रंगाचं, गोड, सिरिंजनं तोंडात सोडायचं. मुलांच्या मेंदूचे डॉक्टर म्हणजे तरुण मुलगा, माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा थोडाच मोठा. तो म्हणाला, "सकाळ-संध्याकाळ द्या. जेवणानंतर दिलंत तर पोटाला बरं." मी मान हलवली. आप्पा शेजारी बसून वहीत लिहीत होते. सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर.

इथं मी थांबून विचारलं असतं तर. हे वाक्य मनात हजार वेळा झालंय, त्याला काही अर्थ नाही, तरी लिहिते. हे औषध लहान मुलांच्या रक्तातून पाच-सहा तासांत अर्धं निघून जातं. मला माहीत होतं. बारा तासांचं अंतर ठेवायचं हा त्याचा साधा अर्थ आहे. बंगळूरला आमच्या उंदरांच्या खोलीत दिव्यांना टायमर लावलेला होता, सकाळी सातला लागायचे आणि संध्याकाळी सातला बंद व्हायचे, कारण उजेड मागेपुढे झाला तर पिल्लांच्या मेंदूवर परिणाम होतो. तो टायमर नीट चालतोय का हे मी रोज बघायची. उंदरांसाठी. घरच्या डोसाला घड्याळ लावायचं माझ्या मनातही आलं नाही. कारण 'संध्याकाळचं जेवण' हे शब्द ऐकले की मला जे दिसतं ते आप्पांनाही दिसत होतं, आणि त्या डॉक्टरला दिसत होतं ते आम्हा दोघांना कधीच दिसलं नाही. सगळं कोल्हापूर रात्री साडेआठ-नऊला जेवतं. आमच्या घरी दिवस मावळायच्या आत ताटं धुऊन पालथी पडलेली असतात.

वैशाखात ठीक होतं. दिवस मोठा. साडेसहाच्या आसपास जेवण, मागोमाग औषध, सकाळी सातला न्याहारी, पुन्हा औषध. झटके आठ दिवसांत कमी झाले आणि तीन आठवड्यांत थांबले. थांबले म्हणजे थांबलेच. त्यानंतर शब्द यायला लागले. आठवड्याला एक, कधी दोन. मी कॉलेजातून आले की जिन्यातच आप्पा ओरडून सांगायचे, "आज 'उस' म्हनली! रसाच्या गाड्याकडं बोट करून म्हनली!" मी चप्पल न काढताच आत पळायची आणि तिच्यापुढं हात जोडून बसायची, की म्हण, एकदा म्हण. ती शांतपणे 'न्हाय' म्हणायची.

आषाढात चातुर्मास सुरू झाला. गावात मुनी महाराज आले होते. आप्पांनी त्यांच्याकडून नियम घेतला, की पोरीला पूर्ण बरं वाटेपर्यंत नुसतं दिवस मावळायच्या आतच नाही, तर दोन घटका आधी जेवण आटपायचं, आणि सकाळीही दिवस उगवल्यावर दोन घटका झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. दोन घटका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. समाजाच्या कॅलेंडरवर रोजच्या उगवत्या-मावळत्याच्या वेळा छापलेल्या असतात. आप्पा त्यातून अठ्ठेचाळीस वजा करायचे, अठ्ठेचाळीस मिळवायचे, आणि त्या मिनिटाला ताट घ्यायचे. सोबत पोरगी. सोबत औषध. मला ते गोड वाटायचं. मी स्टाफरूममध्ये सांगितलंही, की आमचे सासरे म्हणजे ऑब्झर्व्हेटरी आहेत. नवऱ्यानं एकदा विचारलं, "आप्पा, पोरीला तरी थोडं उशिरा जेवू द्या की." आप्पा म्हणाले, "नियम तिच्यासाठीच घेतलाय न्हवं?" विषय मिटला.

दिवाळी झाली. थंडीत दिवस आखडतो. जेवण सव्वापाचला यायला लागलं. सुट्टी असेल तेव्हा मीही त्यांच्याबरोबर जेवायची, लहानपणापासून तीच सवय, पोटाला काही वेगळं वाटत नव्हतं. सकाळची न्याहारी आठच्या पुढं गेली. औषध एकदाही चुकलं नाही. एकदाही नाही. आप्पांनी प्रत्येक डोसाची वेळ वहीत लिहिली होती आणि पुढं सही केली होती, शाळेतल्या हजेरीपटासारखी.

पौषातली सकाळ होती, सातही वाजले नव्हते. मी स्वयंपाकघरात होते, नवरा रात्रपाळीहून यायचा होता. आप्पांनी हाक मारली. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता, हळू होता, म्हणून मी पळाले. पोरगी अंथरुणावर ताठ झाली होती. डोळे डाव्या बाजूला. मग हात-पाय हलायला लागले, ठरावीक लयीत, थांबेचनात. मी घड्याळ बघितलं. पाच मिनिटांनी घरातलं नाकात मारायचं औषध मारलं. थांबलं नाही. आप्पा खाली जाऊन रिक्षा घेऊन आले, बायकांसारखं मोठ्यानं रडत नव्हते, पण त्यांचे हात पोरीच्या अंगावरची चादर सारखी सारखी नीट करत होते. रस्ते मोकळे होते. तरी मला प्रत्येक चौक लांबलेला वाटला.

आईनं अशा वेळी काय करावं ते मला ठाऊक नाही. मी मात्र आत काय चाललंय ते बघत होते. पेशी ग्लुटामेट ओतत होत्या, एकीनं ओतलं की दुसरी, दुसरीनं की तिसरी. मॅग्नेशियमचे कण कधीच उडून गेले होते. सगळी दारं सताड उघडी, आणि त्यातून कॅल्शियम आत शिरत होतं. थोडं शिरलं तर शब्द तयार होतो. फार शिरलं तर पेशी मरते. मी हे काचेच्या बशीत, कापांवर, मुद्दाम घडवून आणून बघितलेलं आहे. किती मिनिटांनी पेशी फुगायला लागतात तेही मला माहीत होतं. हे ज्ञान नको होतं. त्या रिक्षात मला त्या आत्यासारखं अडाणी व्हायचं होतं.

हॉस्पिटलमध्ये दोन इंजेक्शनं दिली, तरी थांबलं नाही. तिसऱ्यानं थांबलं, तोवर पाऊण तासाच्या वर झाला होता. त्यांनी तिला झोपवून ठेवलं, नळ्या लावल्या. चौथ्या दिवशी तिनं डोळे उघडले. मी वाकून म्हटलं, "मांजी कुठाय?" तिनं माझ्याकडं बघितलं. ओळखलं, एवढं नक्की. पण तोंड हललं नाही.

त्याच दिवशी तो तरुण डॉक्टर रिपोर्ट घेऊन आला. आल्या आल्या घेतलेल्या रक्तात औषध जवळजवळ नव्हतंच. त्यानं सांभाळून विचारलं, "डोस राहिला होता का? होतं असं घरात." मी भडकले. म्हटलं, आमच्या घरात असं होत नाही. मी आप्पांची वही पिशवीतून काढून त्याच्यापुढं आपटली. तो पानं उलटत गेला. मधेच थांबला, मागं गेला, पुन्हा पुढं आला.

"मॅडम, संध्याकाळचा डोस सव्वापाचला?"

"तुम्हीच म्हणालात जेवणानंतर."

"हो, पण..." तो अडखळला. "तुम्ही सव्वापाचला जेवता?"

मी वही ओढून घेतली. सहा पस्तीस. सहा वीस. पावणेसहा. साडेपाच. सव्वापाच. शेजारच्या रकान्यात सात, सात पाच, सव्वासात, आठ, आठ दहा. किती सुंदर रेघ पडली असती कागदावर. दिवसा नऊ तास आणि रात्री पंधरा. पहाटेच्या त्या तासांत दर सकाळी तिचं रक्त रिकामं होत होतं, महिना-दीड महिना, आणि ती तरी झुंजत होती. वही आठ महिने फ्रिजवर होती. मी रोज ती उचलून आप्पांची सही तेवढी बघायची.

डॉक्टर म्हणाला, "जेवणाचा तसा काही संबंध नाही. उपाशीपोटी दिलं तरी चालतं. फक्त बारा तास पाळा. सकाळी आठ, रात्री आठ." मग तो बोलणं परत येईल का याबद्दल काही बोलला. येऊ शकतं, सांगता येत नाही, वय लहान आहे ही चांगली गोष्ट आहे. ही सगळी वाक्यं मी स्वतः कुणाला ना कुणाला ऐकवलेली होती.

बाहेर बाकावर आप्पा बसले होते. मला बघून उठले. "काय म्हनलं पावनं?"

मी सांगायला हवं होतं, की आपलं चुकलं. आपलं, दोघांचं. त्याऐवजी मी वॉर्डाबाहेर, लोकांदेखत, ओरडले, "तुमच्या नियमापायी झालंय! तुमच्या सूर्यापायी! औषध पुरलं नाही रात्रभर. पोरीचं वाटोळं केलंत तुम्ही." ज्या माणसानं मला कर्माच्या हिशेबातून सोडवलं होतं, त्याच्या धर्मावर मी सगळं टाकून मोकळी झाले. बोलताना बरं वाटत होतं, हे लिहून ठेवते.

 आप्पांनी एवढंच विचारलं, "आता कसं द्यायचं?"

"सकाळी आठ. रात्री आठ."

"जेवनानंतरच न्हवं?"

मला खरं उत्तर माहीत होतं. अर्ध्या तासापूर्वीच ऐकलं होतं. मी म्हटलं, "हो."

नवव्या दिवशी पोरीला घरी आणलं. उजवा हात जरा सैल पडलेला, बाकी चालत होती, हसत नव्हती. भरवायला गेले तर तोंड मिटलेलं. संध्याकाळी पाच वाजले, सव्वापाच झाले, आप्पा खिडकीपाशी बसून राहिले. उजेड गेला. समोरच्या क्लासचे दिवे लागले, पोरांच्या सायकली आल्या, गेल्या. पावणेआठला आप्पा उठले, हात धुतले, आणि मला म्हणाले, "वाढ." नवरा ताडकन उभा राहिला. "आप्पा, तुम्ही?" ते म्हणाले, "ती माझ्याबरं जेवतीय. मी जेवलो न्हाय तर ती कशी जेवंल?"

मी वाढलं. भाकरी, वांग्याची भाजी, ताक. ट्यूबच्या उजेडात आप्पांनी पहिला घास मोडला. त्या माणसानं आठव्या वर्षापासून दिवा लागल्यावर पाण्याचा घोट घेतला नव्हता. तापात नाही, सासूबाई गेल्या तेव्हा नाही, पुरात शाळेच्या वर्गात झोपले तेव्हाही नाही. घास तोंडात घातला आणि कितीतरी वेळ तो त्यांना गिळेना. पोरगी त्यांच्या तोंडाकडं टक लावून बघत होती. त्यांनी गिळला. तिनं तोंड उघडलं.

जेवण झाल्यावर मी सिरिंज भरली. आप्पांनी ती हातात घेतली नाही. न्हाणीघरात गेले, आणि पाण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. त्या आवाजाखाली ते ओकत होते, ते मला ऐकू आलं.

मी तेव्हाच सांगू शकत होते. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. एक वाक्य होतं: पोरीला पाचलाच जेवू द्या, औषध आठला नुसतं दिलं तरी चालतं. त्यांचा नियम राहिला असता आणि डोसही वेळेवर गेला असता. मी गप्प राहिले. त्यांना रोज आठ वाजता भाकरी मोडताना बघायची, आणि मला बरंही वाटायचं, आणि त्या बऱ्या वाटण्याची शिसारीही यायची. त्यांनी बस्तीत जाणं बंद केलं. कुणी विचारलं तर सांगायचे, गुडघा दुखतोय.

अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी ते ताटावर बसले आणि त्यांचा हात भाकरीवर नुसता पडून राहिला. मान खाली. मला सहन झालं नाही. म्हटलं, "आप्पा, उठा. तुम्ही जेवायची गरज नाही. औषधाचा जेवणाशी काही संबंध नाही. नुसतं दिलं तरी चालतं. डॉक्टरनं वही बघितली त्याच दिवशी सांगितलंय."

त्यांनी वर बघितलं. "वही बघितली त्याच दिशी?"

"हो."

"मग अकरा दिस का गप बसलीस?"

मी म्हटलं, "राग होता तुमच्यावर." आणि मग जे म्हणायचं राहिलं होतं तेही म्हटलं, की चूक माझी होती, बारा तासांचं मला माहीत होतं, तुम्हाला नव्हतं. मला रडू आलं. नवरा उठून गॅलरीत गेला.

आप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला. "चूक तुझी बी हाय आनि माझी बी हाय. मास्तर होतो मी. पंधरा आनि नऊ मला दिसाय पायजे हुतं, रोज लिहीत हुतो की." थोडा वेळ ते चावत राहिले. मग म्हणाले, "त्ये तुझं दार. पोरांचं जास्त उघडं ऱ्हातंय म्हनतीस. किती दिस ऱ्हातंय?"

यावेळी मी खोटं बोलले नाही. "फार नाही, आप्पा. वय वाढतं तसं मिटत जातं. सगळ्यांचंच. तिच्या आत काय चाललंय मला सांगता येत नाही."

"म्हंजे वेळ कमी हाय."

"हो."

"मग मी न्हाय उठत," आप्पा म्हणाले. "नियम तिच्यासाठी धरलता. आता तिच्यासाठीच सोडलाय. एक शब्द बोलू दे, त्या दिसापासनं परत धरीन. तवर हितंच बसनार, आठ वाजता." मी म्हटलं, आप्पा, याचा काही उपयोग नाही, नियम धरून पेशी जगत नाहीत आणि सोडूनही जगत नाहीत. ते म्हणाले, "ठावं हाय मला. तू वाढ."

तिला आता चौथं संपत आलं आहे. डोस बारा तासांनी जातो, झटके पूर्ण थांबलेले आहेत, उजवा हात सुधारला. बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून तीनदा येतात, चित्रं दाखवतात, आणि प्रत्येक चित्राकडं ती नीट बघते. आप्पा प्रत्येक घासाला तिला त्याचं नाव सांगतात, भाकरी, डाळ, ताक, मोठ्यानं, गिळण्याआधी. मग थांबतात, तिच्या तोंडाकडं बघत. मग गिळतात. काल आठ वाजून दहा मिनिटांनी जेवायला बसलो. ती अजून बोललेली नाही.